मामाजींचा उलटा हात

दुसऱ्या घरांत उलटा हात म्हणजे थोबाडीत. आमच्या घरात उलटा हात म्हणजे थर्मामीटर. लग्न होऊन मी अर्जुनी मोरगावला शहाऱ्यांच्या घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला. मी सासूबाईंना विचारलं, "मामी, थर्मामीटर आहे का हो घरात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विमानच मागितलं. "अवो, हे आहेत ना," असं म्हणून त्यांनी सासऱ्यांना हाक मारली.

सासरे म्हणजे खुशाल शहारे. मी त्यांना मामाजी म्हणते. सासऱ्यानं सुनेच्या कपाळाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही, पण तापाच्या बाबतीत या घरानं ती रीत केव्हाच खुंटीला टांगली होती. मामाजींनी आधी उजव्या हाताची पालथी बाजू पाण्याच्या माठाला लावली, मग माझ्या कपाळाला. डोळे मिटले. "एकशे एकच्या थोडा वर आहे. गोळी दे तिले," एवढं मामीला सांगून ते बाहेर निघून गेले. मला रागच आला. मी बारावी सायन्स शिकलेली पोरगी, आणि इथं माझा ताप माठावरून ठरतो! हट्टानं मेडिकलमधून थर्मामीटर आणवला. एकशे एक पूर्णांक दोन निघाला. थर्मामीटर माझ्या शिलाई मशीनच्या खणात गेला, तो कित्येक वर्षं तिथंच पडून राहिला.

हा हात मामाजींनी रेल्वेत कमावला होता. गोंदियाच्या यार्डात ते फिटर होते. मालगाडी येऊन थांबली की तिच्या कडेकडेनं चालत जायचं आणि एकेका चाकाच्या बॉक्सला हात लावून पाहायचा. चाकाचा आस ज्या लोखंडी खोक्यात फिरतो, तो हा बॉक्स. आतून घासत असेल तर तो तापतो. रेल्वेवाले त्याला हॉट एक्सल म्हणतात. वेळेवर कळलं नाही तर आस तुटतो आणि गाडी रूळ सोडते. हात लावायचा तो उलटा, कारण तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला उशिरा समजतं. आणि त्याआधी तो सावलीतल्या रुळाला टेकवून घ्यायचा. "आधी थंडा, मंग गरम," मामाजी सांगायचे. "नाई तं हाताले खोटं बोलाची सवय लागते." बॉक्स थंड निघाला की "पास" म्हणून पुढे सरकायचं, गरम निघाला की खडूनं खूण करायची आणि ती वॅगन गाडीतून काटून, म्हणजे सोडवून, सिक लाइनवर, दुरुस्तीच्या रुळावर, ढकलायची. कितीही महत्त्वाचा माल असो, साहेब कितीही ओरडो, खडू लागला म्हणजे लागला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत यार्डात तापमान मोजायची बंदूक आली. दुरून रोखायची, आकडा दिसायचा. वापरणं सक्तीचं होतं म्हणून मामाजी वापरायचे, पण मागाहून हात लावल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. बंदुकीचं नाव काढलं की नाक मुरडायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी त्यांची तऱ्हा.

रिटायर होऊन गावी आले तरी गाडी सुटली नाही. रोज संध्याकाळी चपला घालून अर्जुनीच्या स्टेशनवर चालत जायचे. फलाटाच्या टोकाला उकिडवं बसायचं, गाडी येताना एकेक चाक नजरेखालून घालायचं आणि गाडी गेली की घरी यायचं. ना पगार, ना कुणाचा हुकूम. मी चिडवायचे, "मामाजी, तुम्ही नाही गेलात तर गाडी थांबून राहील का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "थांबनार नाई. म्हूनच तं पाहाव लागते." जित्याची खोड, दुसरं काय.

यंदाचा जानेवारी मात्र विसरण्यासारखा नाही. माझी मुलगी पिंकी शाळेतून आली ती सरळ अंथरुणातच शिरली. मामाजींनी माठाला हात लावला, तिच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "काही नाई, पोरगी थंडी आहे. पास." मी तिला जवळ घेतलं तर पोरगी तव्यासारखी तापलेली! खणातून थर्मामीटर काढला. एकशे तीन. मी गुपचूप औषध दिलं. मामाजींना काही सांगितलं नाही, पण रात्री राजदीपजवळ, म्हणजे माझ्या नवऱ्याजवळ, कुरकुरले की बाबांचं आता वय झालं. वय झालं म्हटलं की माणसाच्या सगळ्या तक्रारी एका गाठोड्यात बांधता येतात. त्यात एखादी वेगळी असली तरी कुणी गाठ सोडून पाहत नाही.

मार्चमध्ये समाजमंदिरात शिबिर लागलं. एका मेडिकल कॉलेजची माणसं आली होती. पायांचा उष्णतेचा फोटो काढायचा आणि त्यावरून कुणाला डायबिटीसचा धोका दिसतो का, हे तपासायचं, असं त्यांचं काम. सासूबाईंना, म्हणजे भागीरथाबाईंना, सारखी तहान लागायची, म्हणून मी त्यांना घेऊन निघाले. मामाजी आले ते देखरेखीला. तिथं बघते तर बायका पाय घासूनपुसून, कुणी आलता लावून, कुणी नखं रंगवून बसलेल्या. कॅमेरावाला लोकेंद्र बिसेन हसून म्हणाला, "काकू, आपल्याला तळव्याचा फोटो काढायचा आहे, पाय लग्नाला न्यायचे नाहीत."

त्यानं सगळ्यांना अनवाणी बसवलं, पाय स्टुलावर, जमिनीला न टेकता. थोडा वेळ तसंच बसून राहायचं. मामाजींनी कारण विचारलं. लोकेंद्र म्हणाला, "बाहेरून चालत आलात ना, पाय तापलेले असतात. आधी खोलीइतके थंड होऊ द्यायचे, मग खरं दिसतं."

मामाजींचा चेहराच बदलला. "आधी थंडा, मंग गरम," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पोरगा बराबर करून राहिला." आणि कुणी बोलावलं नसताना स्वतःच चपला काढून स्टुलावर पाय टेकवून बसले. त्यांना तपासून घ्यायचं नव्हतं. आपल्या जातीचा कारागीर भेटल्यावर माणूस थांबून बघतो, तसं चाललं होतं त्यांचं.

आधी मामीचे पाय झाले. लॅपटॉपवर दोन्ही तळवे हिरवेनिळे, बहिणी-बहिणीसारखे सारखे. मग मामाजींचे. उजवा तळवा हिरवा. डाव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी लालभडक डाग, मध्ये पांढरा. लोकेंद्रनं मापं घेतली, पुन्हा घेतली आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर भूमेश्वरी पटले आमच्याच जिल्ह्यातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नायलॉनच्या जाड दोऱ्याचं टोक मामाजींच्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवलं. "काका, कळलं की हो म्हणा." मामाजी गप्पच. त्यांना वाटलं, अजून सुरुवातच झालेली नाही. मग बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. साखर तीनशेच्या वर.

"हा कॅमेरा साखर दाखवत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "तो फक्त उष्णता दाखवतो. साखर रक्तानं सांगितली. पण तुमची ही साखर आजकालची नाही, बरीच वर्षं आहे. पायाच्या नसा सुन्न झाल्या आहेत. डावा पाय आतून सुजतोय, तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही चालत राहता. असंच चाललात तर तिथं जखम होईल, आणि ती जखम पाय घेऊन जाते. आजपासून हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

यार्डातले मामाजींचे जोडीदार उदारामजी मला आठवले. त्यांचा पाय साखरेनं असाच गेला, गुडघ्याखालून. त्यांना भेटून आले तेव्हा मामाजी दोन दिवस धड जेवले नव्हते. "उदाराम ध्यान नाई देत होता," एवढंच सारखं म्हणत होते.

पण मामाजींनी त्या क्षणी काय करावं? डावा पाय मांडीवर घेतला, पालथा हात स्टुलाच्या लोखंडी पायाला लावला, मग तळव्याच्या त्या जागेला. डोळे मिटले. सगळं समाजमंदिर बघत होतं.

"थंडा आहे," ते म्हणाले. "मॅडम, रक्ताचं तुमी सांगा, तुमचं मानतो. गोळ्या द्या, खाईन. पन गरम का थंडा, हे मले सांगू नोका. सारी जिंदगी तेच केलं मी." आणि चपला घालून चालू लागले, त्याच पायानं.

पुढचा आठवडा घरात नुसती भांडणं. राजदीप कुबड्या घेऊन आला, त्या भिंतीला टेकून राहिल्या. मी तापट आहे, ते मान्य. जेवताना ताट आपटून बोलले, "मामाजी, पाय तोडून घ्यायची हौस आहे का?" राजदीप समजावून थकला. पालथ्या घड्यावर पाणी. गोळ्या ते वेळेवर घेत, गोड सोडलं, चहासुद्धा बिनसाखरेचा. पण संध्याकाळ झाली की स्टेशनवर जायचेच. मी दारात आडवी उभी राहायचे तर म्हणायचे, "बाई, बॉक्स थंडा आहे. थंड्या गाडीले मी कायले काटू?"

मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. त्यांच्या डाव्या चपलेचा आवाज वेगळा यायला लागला होता, थोडा घासत. त्यांना ते कळत नव्हतं. आम्हाला रोज ऐकू येत होतं.

मग एका संध्याकाळी ते खाटेवर बसून चपला घालत होते. मी चहा उतरवला होता. मामी आल्या, जमिनीवर बसल्या आणि त्यांनी मामाजींचे दोन्ही पाय आपल्या हातात घेतले. एक उजव्या हातात, एक डाव्या. संसारात त्यांनी कधी कुठल्या तापाबद्दल मत दिलं नव्हतं. पोरांचा असो की दुधाचा, या घरात तो प्रांत मामाजींचा.

"हा गरम आहे," मामी म्हणाल्या. "बहुत गरम आहे जी. या पायापेक्षा हा."

"तुले काय समजते?"

"मले काही समजत नाई. पन गरम आहे."

मामाजींनी पिंकीला बोलावलं. पोरांना खोटं बोलायची गरज नसते, असं त्यांचं मत. पिंकीनं हात लावला आणि पटकन म्हणाली, "आबाजी, हा तर चटका देते!"

मामाजी थांबले. यार्डात दोन माणसांचं जमलं नाही तर तिसरा हात बोलवायचा, असा त्यांचा नियम होता. इथं दोन हात एकीकडे आणि त्यांचा एकटा दुसरीकडे. ते उठले. माठाजवळ गेले आणि पालथा हात माठाला लावला. बराच वेळ ठेवला. मग तोच हात आपल्या पायाला लावला. मग पुन्हा माठाला. कपाळावर आठ्या पडल्या. चुलीजवळ चहाचा गंज, म्हणजे पातेलं, नुकता उतरवलेला होता, अजून कडेला बुडबुडे फुटत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पालथा हात त्या गंजाला लावला.

आणि तिथंच ठेवला.

कुणालाही चटकन मागे घ्यावासा वाटला असता. त्यांनी घेतला नाही. ते वाट बघत होते. डोळे मिटून, मान थोडी कलती करून, आपला हात काय सांगतो त्याची वाट बघत होते. मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरून ओढलं. हाताची कातडी लाल झाली होती. थोड्या वेळात फोड आला.

मामाजी खाटेवर बसले. फोडाकडे बघत राहिले. मी थंड पाणी ओतत होते आणि मला रडू येत होतं. हट्टाचा राग कुठल्या कुठे गेला होता. पाय सुन्न झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण हाताचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. पिंकीचा ताप मला तेव्हा आठवला.

"पाय खोटा नाई बोलला," मामाजी हळू म्हणाले. "हातच गेला माहा."

थोड्या वेळानं ते मामीला म्हणाले, "भागीरथा, केव्हापासून असन हे? मी नोकरीत होतो तेव्हापासून तं नसन ना? एखादी गरम गाडी मी थंडी म्हून सोडली असन तं?" त्यांचा आवाज कापत होता. स्वतःच्या पायासाठी तो एकदाही कापला नव्हता.

"बंदूक होती ना तुमच्याजवळ," मामी म्हणाल्या. "तिचा आकडा घेतल्याबिगर तुमाले पुढे जाऊ देत होते का?"

मामाजींनी मान हलवली. ज्या बंदुकीच्या नावानं एवढी वर्षं नाक मुरडलं, तिचाच त्यांना आधार वाटला असेल. मग त्यांनी पिंकीला दप्तरातला खडू आणायला सांगितला. डावी चपल उचलली, तिच्यावर खडूनं फुली मारली आणि ती खाटेखाली ढकलून दिली. "काटली," ते म्हणाले. त्या संध्याकाळी बल्लारशाहकडची गाडी आली आणि गेली. आम्हाला घरात तिची शिटी ऐकू आली. मामाजी कुबडीला हात लावून बसून होते.

हाताचा फोड आठवड्यात बसला. पायाचं मात्र लांबलं. गोंदियाला नेऊन एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात. पाय खाली टेकवायचा नाही, रोज तळवा बघायचा, महिना-दीड महिन्यानं पुन्हा कॅमेऱ्याखाली, आणि पुढे चपलेऐवजी मऊ तळाची सँडल.

रोज बघायचं काम मामीकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी तळहात लावला तर मामाजी डाफरले, "उलटा लाव! यार्डात असती तं मी तुले घरी पाठवलं असतं." मग धडे सुरू झाले. आधी माठ. मग उजवा पाय, मग डावा. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. घाई करायची नाही. डोळे मिटले तर बरं. मामी शिकल्या आणि भलत्याच रुबाबात आल्या. दही लागलं का, पिंकीचं अंग कोमट आहे का, सगळीकडे त्यांचा उलटा हात. मी म्हटलं, "मामी, आता तुम्हाला रेल्वेत भरती करायला हरकत नाही." त्या म्हणाल्या, "आता कायले? तेव्हा कोनी बोलावलं नाई."

दोनेक आठवड्यांनी मामाजी फार कंटाळले होते. संध्याकाळी गाडीची वेळ झाली की दाराकडे बघायचे. ते बघून माझाही जीव तुटायचा. त्या दिवशी मामी आल्या, पायाला हात लावला आणि लगेच म्हणाल्या, "आज थंडा आहे जी. जरासेक जाऊन या स्टेशनवर."

मामाजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तू माठाले हात नाई लावला."

मामींनी हात मागे घेतला.

"माह्यासाठी बोलून राहिली का पायासाठी?"

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "गरम आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड पाहावत नाई मले."

"माहं तोंड नोको पाहू. साहेब ओरडे तेव्हा मी त्याचं तोंड पाहात होतो का? गरम आहे तं गरम म्हन." मग त्यांचाच स्वर खाली आला. "आता माहा हात तूच आहेस. तू खोटी बोलली तं मी कोनाले इचारू?"

त्या दिवसानंतर मामी कधी चुकल्या नाहीत. रोज माठ, उजवा, डावा. रोज तेच उत्तर, "गरम आहे." मग "गरम आहे, पन कमी." मग काही दिवस त्या नुसतंच "हूं" म्हणत. दोघांचं ते चाललेलं असताना मी मशीन थांबवायचे.

मेच्या सुरुवातीला आम्ही गोंदियाला गेलो. त्या सकाळी निघायच्या आधी मामींनी नेहमीसारखं केलं. माठाला हात, पायांना हात, पुन्हा माठाला, पुन्हा पायांना. पण काही बोलल्या नाहीत, आणि मामाजींनीही विचारलं नाही. अर्जुनीच्या फलाटावर मामाजी कुबड्या मांडीवर घेऊन बाकावर बसले. गाडी येताना उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून मान वाकवून चाकं बघत राहिले.

कॅमेऱ्याच्या खोलीत लोकेंद्रनं त्यांना ओळखलं. पाय स्टुलावर ठेवून बसवलं, थंड होऊ दिले आणि फोटो काढला. तो लॅपटॉपकडे वाकला. आकडे बघायला त्याला थोडा वेळ लागला. मी त्याच्या खांद्यावरून डोकावायला बघत होते.

मामाजींनी लॅपटॉपकडे मान वळवलीच नाही. ते मामींकडे बघत होते.

"सांग," ते म्हणाले.

मामींनी एकदा त्यांच्या पायाकडे पाहिलं. "पास," त्या म्हणाल्या.

लोकेंद्रनं स्क्रीन आमच्याकडे फिरवली. दोन्ही तळवे हिरवे, सारखे. तो काही सांगणार तोवर मामाजी खाली वाकून बरोबर आणलेल्या नव्या सँडलचा पट्टा लावत होते.